चाळीस मायक्रॉनची शिल्लक

गाडीवर चरा दिसला की माणूस आधी आजूबाजूला बघतो, मनातल्या मनात कुणाला तरी शिव्या घालतो आणि मग बोटाला थुंकी लावून त्या जागी चोळतो. हे कुणी शिकवावं लागत नाही. चरा दिसेनासा होतो, जिवात जीव येतो. थुंकी वाळते आणि चरा पुन्हा हजर. इथे बरेच जण हताश होऊन डेंटिंग-पेंटिंगवाल्याला फोन लावतात. खरं तर त्या थुंकीने त्यांना नुकतीच चांगली बातमी दिलेली असते. ओलं केल्यावर जो चरा नाहीसा होतो, तो बहुधा रंगापर्यंत पोचलेलाच नसतो. वरच्या पारदर्शक थरात तो अडकलेला असतो आणि तिथून त्याला काढायला ना घासायचा वॉटर पेपर लागतो, ना स्प्रे गन.

आजच्या गाडीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. पत्र्याला लागून गंज अडवणारा थर. कारखान्यात अख्खी बॉडी हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने तो चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर बेस कोट म्हणजे आपण ज्याला रंग म्हणतो तो, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट. हे चारही थर एकावर एक मिळून १०० ते १४० मायक्रॉन भरतात. डोक्यावरचा केस सत्तरएक मायक्रॉनचा असतो, म्हणजे गाडीचा सगळा थाट दोन केसांच्या जाडीत मावतो. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. झळाळी त्याची, ऊन सोसण्याची ताकद त्याची, कारण अतिनील किरण अडवणारी द्रव्यं त्यातच मिसळलेली असतात. ही चाळीसएक मायक्रॉनची रक्कम गाडी कारखान्यातून निघते त्या दिवशी खात्यावर जमा होते. पुढे ह्या खात्यात भरणा होत नाही, फक्त पैसे निघतात. कुणी चमचाभर काढतो, कुणी ओंजळभर, एवढाच फरक.

चरा पांढरा का दिसतो? क्लिअर कोट तर पारदर्शक असतो, मग त्यात पडलेली खाच पांढरी कुठून झाली? उत्तर प्रकाशात आहे. सपाट पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परततो. खाचेच्या धारदार कडांवर तो विखुरतो आणि विखुरलेला प्रकाश डोळ्याला पांढरा वाटतो. खाचेत पाणी भरलं की हवेऐवजी तिथे क्लिअर कोटच्या बऱ्याच जवळचं माध्यम येतं. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, क्लिअर कोटचा दीडच्या आसपास. खोबरेल तेलाचा तर १.४५. म्हणून तेल पाण्याहूनही बेमालूम लपवतं. सिग्नलवर कापडाने पुसून चरा 'गायब' करून दाखवणाऱ्यांचं गुपित बऱ्याचदा एवढंच असतं: खाच भरली, गेली नाही. दोन धुण्यांत ती परत येते.

थुंकीनंतरची दुसरी परीक्षा नखाची. चऱ्यावरून आडवं नख हलकेच फिरवायचं. नख घसरून गेलं तर काम पॉलिशवर भागण्याची दाट शक्यता. नख अडकलं तर चरा खोल आहे. तो पूर्ण काढायच्या नादात क्लिअर कोट संपेल. आत दुसराच रंग दिसला, करडा प्रायमर किंवा चकचकीत पत्रा, तर पॉलिशचा विषयच संपला. आणि एक प्रकार असा की ज्यात काही गेलेलंच नसतं. सोसायटीच्या पार्किंगमधल्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या खांबाला गाडी घासली की बंपरवर जो पिवळा फराटा उमटतो, तो खांबाचा रंग आपल्या गाडीवर आलेला असतो. त्याखाली आपला क्लिअर कोट पुष्कळदा शाबूत असतो. असे बंपर पूर्ण रंगवून दिले जातात आणि मालक आनंदाने पैसे मोजतो, ह्याचं मला नेहमी नवल वाटतं.

आपल्याकडे गॅरेजचा हात घासायच्या कागदाकडे आधी का जातो, ह्याला इतिहास आहे. पाण्यात भिजवून घासायचा तो काळा कागद, ज्याला सगळे वॉटर पेपर म्हणतात, तो अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने १९२१ मध्ये बाजारात आणला. कल्पना फ्रान्सिस ओकी नावाच्या छपाईची शाई बनवणाऱ्या माणसाची. ओलं घासल्यामुळे धूळ उडत नसे, हा त्याचा मोठा गुण. पुढे ह्याच कागदाचे नमुने घेऊन कंपनीतला रिचर्ड ड्र्यू हा तरुण सेंट पॉलच्या एका गॅरेजमध्ये गेला. दोन रंगांच्या गाड्यांची तेव्हा फॅशन होती. कडेला चिकटवलेला कागद सोडवताना नवा रंग सोलून निघत होता आणि पेंटर तोंड सोडून बोलत होता. ड्र्यूने त्याला तोडगा काढून देण्याचं कबूल केलं, आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप जन्मली. त्याच सुमारास ड्यूपॉन्टचं ड्युको हे लॅकर आलं. १९२४ सालच्या ओकलंड गाड्यांवर ते पहिल्यांदा मारलं गेलं. त्याआधी ब्रशने मारलेलं वार्निश वाळायला आठवडे लागत. ड्युको झटपट वाळे, पण वाळल्यावर मंद दिसे, घासून-चोळूनच त्याला चमक येई. आपल्याकडच्या गॅरेजांच्या पाट्यांवर 'ड्युको पेंटिंग' आजही लिहिलेलं दिसतं, आणि कागद मारून रबिंग करायची सवयही त्याच वंशातली.

जुन्या गाड्यांवर ती खपूनही जायची. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीवर क्लिअर कोट नव्हता; रंग हाच सगळ्यात वरचा थर. रबिंग केलं की फडक्याला गाडीचाच रंग लागायचा. आपण काय खर्च करतोय ते फडकं दाखवत असे. मेटॅलिक रंगांबरोबर क्लिअर कोट सर्रास झाला आणि ही सूचना बंद पडली. आता फडक्याला पांढरट मळ लागतो, तो घासायच्या कंपाउंडचा आहे की क्लिअर कोटचा ते कळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्या. त्यांच्यावर घडलेला हात मात्र अजून कामावर आहे.

कागद आणि पॉलिश ह्यांत फरक नेमका कशात? न्यूटनने 'ऑप्टिक्स' ह्या १७०४ सालच्या ग्रंथात म्हटलं होतं की, पॉलिश म्हणजे घासणंच, फक्त ओरखडे इतके बारीक की दिसू नयेत. १९०१ मध्ये लॉर्ड रॅली हा शास्त्रज्ञ म्हणाला की नाही, पॉलिशमध्ये पदार्थ जवळजवळ रेणूरेणूने निघतो, घासण्याहून ती वेगळी क्रिया आहे. १९२१ मध्ये जॉर्ज बील्बी ह्या शास्त्रज्ञाने मांडलं की धातूचा वरचा थर द्रवासारखा वाहून खाचा भरतो. हा वाद काचेचा आणि धातूचा; रसायनाने घट्ट विणलेल्या क्लिअर कोटला बील्बीचं वाहणं लागू करायचं कारण नाही. गाडीच्या बाबतीत न्यूटनचं म्हणणं पुरतं: दोन्हींत थर निघतोच. पॉलिशने चरा भरत नाही, आजूबाजूची जमीन खाली जाते. जाहिराती काहीही सांगोत.

पण किती खाली, हाच तर सगळा मुद्दा. पी मानकाच्या १५०० नंबरच्या कागदावरचा कण सरासरी साडेबारा मायक्रॉनचा, २००० चा दहाच्या थोडा वर. हे कण गोंदाने जागेवर पक्के बसवलेले असतात. त्यांना माघार घेता येत नाही. एक चरा घालवायला कागद त्या जागी शेकडो समांतर चरे पाडतो, आणि मग ते शेकडो चरे काढायला कंपाउंड, त्याचे डाग काढायला पॉलिश. म्हणजे कागद मारला तरी पॉलिश चुकत नाहीच. पॉलिशमधले कण त्याहून कितीतरी बारीक असतात, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, आणि ते मऊ फोमच्या पुढे सुटे फिरतात. पॉलिशचा एक पूर्ण हात फार तर दोन-तीन मायक्रॉन घेतो, मऊ पॅडने त्याहूनही कमी. शिवाय पॉलिशला चऱ्याच्या तळापर्यंत जावं लागतंच असं नाही. त्याच्या कडा गोल झाल्या की प्रकाश विखुरायचा थांबतो. खाच तिथेच असते, पण दोन हातांवरून शोधून सापडत नाही. चांगल्या कारागिराचं सगळं शहाणपण इथे लागतं: किती काढायचं ह्यापेक्षा किती राहू द्यायचं.

असा कारागीर काम करताना बघण्यासारखा असतो, मुख्यत्वे तो सुरुवातीला काहीच करत नाही म्हणून. आधी गाडी धुणं. मग ओल्या पत्र्यावरून क्लेचा गोळा फिरवणं. ब्रेकची लोखंडी धूळ, डांबराचे ठिपके, बाजूच्या इमारतीच्या रंगकामाचे उडालेले थेंब त्याला चिकटून येतात. धुतलेला पत्रा हाताला खरखरीत लागत असेल तर त्या खरखरीवर बफ, म्हणजे पॉलिशचं मशीन, फिरवणं म्हणजे तोच कचरा गाडीवर दळणं. मग रंगाची जाडी मोजायचं मीटर. हे छोटं यंत्र चुंबकीय आणि भोवरी प्रवाहाच्या तत्त्वावर चालतं, पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉनचा आकडा देतं. प्लॅस्टिकच्या बंपरवर ते मुकं होतं, म्हणून बंपरवर हात आणखी जपून. मग निळी-पिवळी टेप: पॅनेलच्या कडा, दाराच्या रेघा, रबरी पट्ट्या. कडेवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि मशीनचा सगळा दाब तिथे एका रेषेत येतो, त्यामुळे रंग 'जळतो' तो बहुतेक वेळा कडेलाच.

आता कुठे बफ. तोही चऱ्यावर थेट नाही. दीड-दोन फुटांचा एक चौकोन निवडून त्यावर हातातलं सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब. मशीन बंद ठेवून आधी पॅड पत्र्यावर टेकवायचं, मग कमी वेगात पॉलिश पसरायचं, नाहीतर ते भिंतीवर उडतं. मग वेग वाढवून संथ हात: उभ्या रांगा, मग आडव्या, प्रत्येक रांग आधीच्या रांगेवर अर्धी चढलेली. घाई करणारा इथेच ओळखू येतो, त्याचा हात झाडू मारल्यासारखा चालतो. मधूनमधून तळवा पत्र्यावर ठेवून बघायचा. चटका बसायला लागला की थांबायचं. चार-सहा फेऱ्या झाल्या की पुसायचं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्या चौकोनावर फवारून पुन्हा पुसायचं.

हे शेवटचं पुसणं म्हणजे गॅरेजच्या प्रामाणिकपणाची कसोटी. पुष्कळ पॉलिशांमध्ये तेलं, मेण, सिलिकॉन असतं. ते खाचांत बसतं आणि खोबरेल तेलाची जादू करतं. डिलिव्हरीच्या दिवशी गाडी आरशासारखी, आणि पावसात दोनदा भिजली की चरे जागच्या जागी. अल्कोहोलने तेल निघून जातं आणि खरं काय झालंय ते एलईडी टॉर्चखाली उघडं पडतं. चरा गेला असेल तर तीच पद्धत बाकीच्या पॅनेलवर. नसेल गेला तर एक पायरी वर: जरा जास्त कापणारं पॉलिश, किंवा तेच पॉलिश आणि कडक पॅड. सौम्याकडून कडकाकडे जायला वेळ लागतो, पण उलट वाटेने गेलेल्याला परत येता येत नाही.

मशीन दोन जातींची. रोटरी नुसतं गरगर फिरतं. लोकरीच्या पॅडबरोबर ते झपाट्याने कापतं आणि नवशिक्याच्या हातात उन्हात तरंगणारे धुरकट पट्टे सोडून जातं, ज्यांना धंद्यात होलोग्राम म्हणतात. ड्युअल ॲक्शन मशीन फिरता फिरता डोलतं, १५ किंवा २१ मिलिमीटरच्या फेऱ्यात. ते हळू आहे आणि घरी करू बघणाऱ्याने तेवढंच घ्यावं, कारण एकाच जागी दाबून धरलं तर त्याचं फिरणं मंदावतं. रोटरीला तशी दयामाया नाही.

उन्हात बोनेटवर दिसणारी ती कोळिष्टकं म्हणजे सूर्याच्या प्रतिबिंबाभोवतीच्या गोल गोल रेघा. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी गोल गोल पुसल्यामुळे त्या पडल्या. मशीनच्या खुणा सोडल्या, तर सहसा तसं नसतं. चरे सगळ्या दिशांना असतात, पण प्रकाशाच्या वाटेला जे आडवे पडलेले तेवढेच चमकतात, आणि असे सगळे मिळून प्रतिबिंबाभोवती वर्तुळ धरतात. टॉर्च हलवली की वर्तुळही सोबत सरकतं. काळ्या गाडीवर हे भयंकर दिसतं, पांढऱ्यावर जवळजवळ नाही. चरे दोन्हींवर सारखेच.

कागद कायमचा हद्दपार करा, असं माझं म्हणणं नाही. नव्याने मारलेल्या क्लिअर कोटमध्ये ओघळ आला असेल, संत्र्याच्या सालीसारखा पोत उठला असेल, तर २००० आणि मग ३००० नंबरचा कागद हेच योग्य हत्यार; तिथे थर ताजा आणि जाड असतो. कबुतराच्या विष्ठेने उन्हात खोल डाग कोरला असेल तर तेवढ्याच रुपयाएवढ्या जागी कागद मारणं समजू शकतं. आक्षेप आहे तो कारखान्याच्या रंगावर, मीटर न लावता, सवयीने कागद फिरवण्याला. आठ-दहा मायक्रॉनच्या पुढे क्लिअर कोट काढला की त्याच्या आयुष्याचा भरवसा राहत नाही. आणि ह्या अपराधाची खोड अशी की तो लगेच कळत नाही. गॅरेजमधून गाडी झळकत बाहेर येते. दोन-तीन उन्हाळ्यांनी छतावर, बोनेटवर पांढरट चट्टे पडतात, कडेने पापुद्रे सुटतात. तोवर बिल हरवलेलं असतं आणि मालक उन्हाला दोष देतो. त्या अवस्थेला जगातलं कुठलंही पॉलिश चालत नाही.

नख अडकणाऱ्या चऱ्याला तिसरी वाट आहे: आजूबाजूचं काढण्याऐवजी खाचेतच भरायचं. दाराच्या चौकटीजवळच्या किंवा बोनेटखालच्या पट्टीवर गाडीचा रंगक्रमांक असतो, त्याचा टचअप पेन मिळतो. पेनाचं टोक बहुतेक वेळा जाडच असतं. त्यापेक्षा दात कोरायच्या काडीने किंवा बारीक कुंचल्याने एकावर एक पातळ हात द्यावेत, मध्ये वाळू द्यावं, वर क्लिअर, आणि काही दिवसांनी हलकं पॉलिश. जवळून दिसेल. दिसू दे. टूथपेस्टचा उपाय विचाराल तर त्यातही बारीक घासणारे कण असतात, त्यामुळे फिकट ओरखड्यावर ती थोडी चालते. पण गाडीसाठी केलेली पॉलिशची बाटली बाजारात मिळत असताना दात घासायची पेस्ट कशाला?

एवढं जपायचं कशासाठी, पॅनेल रंगवून घेतलं की झालं, असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. कारखान्यात क्लिअर कोट १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. तेव्हा गाडीत ना सीट असते, ना वायरिंग. गॅरेजच्या बूथमध्ये तयार गाडी तशी भाजता येत नाही. तिथे हार्डनर मिसळलेला क्लिअर ६० अंशांच्या आसपास सुकवतात. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या कणांची ठेवण फवारण्याच्या ढंगावर ठरते, म्हणून छटा जुळवायला शेजारच्या पॅनेलवरही रंग विरत न्यावा लागतो. चरा एका दारावर, रंग दोन दारांना. विम्यातून करून घेऊ म्हणाल, तर १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला दर दाव्यामागे सक्तीचे १००० रुपये स्वतःच्या खिशातून, त्यावरच्या गाडीला २०००. शिवाय नो क्लेम बोनस, जो पहिल्या वर्षाला २० टक्के आणि पाच वर्षं दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत चढतो, तो एका चऱ्यापायी शून्यावर. आणि गाडी विकताना येणारा माणूस तेच मीटर घेऊन येतो. १००-१४० म्हणजे मूळ रंग, २०० च्या पुढे म्हणजे पुन्हा रंगवलेलं, हजाराच्या घरात आकडा म्हणजे खाली लांबी भरलेली. अपघात झालाच नव्हता, नुसता चरा होता, हे त्याला पटवून देणं अवघड जातं.

ह्या हिशेबात जो माणूस धरला जात नाही, तो म्हणजे फवारणारा पेंटर. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, आणि कामाच्या जागी जडणाऱ्या दम्याच्या जुन्या, ओळखीच्या कारणांत त्यांचं नाव वर आहे. एकदा शरीराने त्यांचा धसका घेतला की पुढे अगदी थोडक्या वाफेनेही श्वास कोंडतो. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. आपल्या किती छोट्या गॅरेजांत पेंटर तोंडाला नुसता रुमाल बांधून गन चालवतो, ते कुठल्याही रस्त्यावर उभं राहून बघता येईल. टाळता येण्याजोगं प्रत्येक रंगकाम टाळण्याला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

आता चरे येतात कुठून? किल्लीने मुद्दाम ओढलेली रेघ हा त्यातला गाजलेला पण विरळा प्रकार. बाकी सगळं श्रेय फडक्याला. सकाळी सहाला सोसायटीत बादली घेऊन फिरणारा मुलगा एकाच बादलीच्या पाण्यात एकच फडकं बुडवून ओळीने गाड्या पुसतो. पाचव्या गाडीपर्यंत ते पाणी चहासारखं झालेलं असतं. दोष त्याचा नाही. महिन्याला आपण त्याला जे देतो त्यात दोन बादल्या, नळाचं पाणी आणि धुतलेली मायक्रोफायबर फडकी बसत नाहीत. पुण्याच्या बांधकामांची धूळ, मुंबईच्या मेट्रोच्या खोदाईची धूळ म्हणजे वाळू आणि सिमेंट. त्यावर कोरडं फडकं फिरवणं हा आपण रोज सकाळी पैसे देऊन करून घेतलेला वॉटर पेपरच, पाण्याशिवाय. दसऱ्याला बोनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढतो, झेंडूचा हार टेपने चिकटवतो, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळं कोरडंच झटकतो. आधी पाण्याचा फवारा मारा, मग हात लावा. पाणी नसेल तर गाडी मळकी राहू द्या. मळक्या गाडीला काही होत नाही.

काही कंपन्यांनी थरातच इलाज शोधला. मर्सिडीजने २००३ च्या अखेरीस सूक्ष्म सिरॅमिक कण मिसळलेला क्लिअर कोट आणला, निसानने २००५ मध्ये बारीक ओरखडे आपोआप भरून काढणारा. वरून चिकटवायची पारदर्शक फिल्मही तसंच काम करते आणि महाग पडते. सिरॅमिक कोटिंगची जाहिरात करणारे जे सांगतात त्यातलं निम्मं ऐकावं: त्याने पाणी झटकलं जातं, धुणं सोपं होतं, पण किल्लीपुढे आणि वाळूच्या फडक्यापुढे ते टिकत नाही. आणि ते लावण्यापूर्वी गाडी पॉलिश करतातच, म्हणजे खात्यातून थोडी रक्कम आधीच गेलेली.

दिवाळीनंतर गाडी रबिंग-पॉलिशला टाकणार असाल तर दोन गोष्टी मागा. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर प्रत्येक पॅनेलचा मीटरचा आकडा बिलावर लिहून घ्या, आणि अल्कोहोलने पुसलेली गाडी भर उन्हात उभी करून दाखवायला सांगा. मीटर नाही म्हणाले तर दुसरं गॅरेज बघा.